क्षिप्राच्या वाढदिवसाचे काळे चणे

विक्रांत टिपणीसला लोकांची उष्टी ताटं बघायची सवय होती, आणि त्या सवयीचा त्याला पगार मिळायचा. दिल्लीच्या विमानतळाजवळ विमानांना जेवण पुरवणारं एक भलंमोठं किचन आहे, तिथे तो क्वालिटीत होता. दिवसभर शिजत्या भाजीत थर्मामीटर खुपसायचा, भातात खुपसायचा, कढईवरच्या माणसाचा चेहरा पडला तरी खुपसायचा. पण त्याचा खरा जीव रमायचा तो परत आलेल्या ट्रॉल्यांपाशी. विमान उतरलं की खरकटे ट्रे धुवायला यायचे, आणि धुणारे ते पाण्यात ढकलायच्या आत हा हातमोजे घालून हजर. पनीर संपलंय पण भात जसाच्या तसा, म्हणजे भात कोरडा पडला. लोण्याची वडी कोणी उघडलीच नाही, म्हणजे पाव थंड होता. माणसं तोंडाने ‘छान होतं’ म्हणतात, ताटलीत मात्र खरं सांगून जातात, असं त्याचं ठाम मत होतं.

मृणालला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे मत जेवणाच्या टेबलावर ऐकायला आवडत नसे. ती गुरुग्रामला एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये होती. “तुझ्या नोकरीचं नाव सांगायला मला काही वाटत नाही विक्रांत,” ती म्हणायची, “फक्त लोकांनी पुढचा प्रश्न विचारू नये.”

पुढचा प्रश्न विचारणं हा मात्र विक्रांतचा धर्मच होता. रिक्षावाल्याला तो गाव विचारायचा, गावात काय पिकतं ते विचारायचा, आणि मग ते शिजवतात कसं हेही विचारायचा. पुण्याहून बदली होऊन ही मंडळी द्वारकेच्या एका सोसायटीत राहायला आली, तेव्हा आठवड्याभरात गेटवरच्या गार्डच्या आईला मधुमेह आहे हे त्याला माहीत झालं होतं. असा हा चौकस माणूस एका बाबतीत मात्र हटून बसलेला होता. ज्याचं किचन आपण पाहिलं नाही तिथलं तोंडात घालायचं नाही, आणि पोरीच्या तोंडात तर नाहीच. दिल्लीत राहून तो गोलगप्प्यांच्या ठेल्यासमोरून मान वळवून जायचा. ऑफिसातले लोक हे समजून घेत. पण त्याची कीवही करत.

तर या विक्रांतची मुलगी क्षिप्रा फेब्रुवारीअखेर पाच वर्षांची होणार होती. दिल्लीची थंडी सरलेली, ऊन अजून मायेचं, फुलं सगळी एकदम उमललेली, असे ते दिवस. सोसायटीचा हॉल आधीच कोणीतरी अडवून ठेवला होता, म्हणून बाजूच्या मोठ्या पार्कमध्ये सतरंज्या टाकून पिकनिक पार्टी करायची असं ठरलं. बिल्डिंगमधली पोरं आणि त्यांच्या आया. खायला काय ठेवायचं ते मृणालच्या डोक्यात पक्कं होतं. छोटी सँडविचेस, मिनी इडली, चिप्स, कपकेक, आणि बिनअंड्याचा केक, कारण दिल्लीत कुणाचा मंगळवार असेल आणि कुणाचं काय ते सांगता येत नाही.

“पण एकदा तिला तरी विचारू,” विक्रांत म्हणाला. त्याने पोरीला मांडीवर घेतलं. “क्षिप्रा, पिकनिकला काय खायचं? तू सांगशील ते.”

क्षिप्राने जराही विचार केला नाही. “काळे चणे.”

“काय?”

“काळे चणे. आणि पुरी. आणि हलवा.”

मृणाल लॅपटॉपवरून वर बघून हसली. “शिरा म्हणायचंय का तुला?”

“नाही. शिरा आपल्या घरी असतो. हलवा,” क्षिप्रा म्हणाली आणि मांडीवरून उतरून निघून गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

मृणालच्या दृष्टीनेही संपला होता. पोरं काहीही बोलतात, उद्या युनिकॉर्न म्हणेल. पण विक्रांतच्या डोक्यात किडा शिरला. पाच वर्षांचं पोर वाढदिवसाला काळे चणे का मागेल? मुलांच्या ट्रेमधून काय परत येतं हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. कडधान्य तर जसंच्या तसं परत येतं, वरचं झाकणसुद्धा पुरतं न उघडता. आणि ही कार्टी पिझ्झा सोडून चणे मागते! यामागे काहीतरी आहे, असं त्याला वाटलं, आणि असं वाटलं की त्याला बरंही वाटायचं.

त्याने शाळेपासून सुरुवात केली. मॅडमनी फोनवर शांतपणे ऐकून घेतलं आणि शाळेत चणे देत नाहीत, लहान मुलांच्या घशात अडकतात, असं सांगितलं. मग त्याला वाटलं, टीव्हीवर पाहिलं असेल. दोन संध्याकाळी तो तिच्या शेजारी बसून कार्टून बघत राहिला. त्यात एक डुक्कर चिखलात उड्या मारत होतं, चण्यांचा काही संबंध नव्हता. तेव्हा त्याने सरळ चणे भिजत घातले आणि सकाळी गोडा मसाला, गूळ, खोबरं घालून झकास उसळ केली. वास असा सुटला की मृणालने कॉल म्यूट करून ‘मला ठेव’ अशी खूण केली.

क्षिप्राने वाटीत डोकावून पाहिलं. “हे नाही. ते सुके असतात.”

दुसऱ्या दिवशी तो सुके, फोडणी दिलेले चणे घेऊन बसला. सोबत पुऱ्या होत्या, आणि शिऱ्यालाही मुद्दाम हलवा म्हटलं होतं. क्षिप्राने नीट बसून खाल्लं. पण तिचा चेहरा काही फुलला नाही. एका अक्षरानेही तक्रार न करता तिने ताटली परत केली. पुरी संपलेली, हलवा अर्धा, चणे तसेच. विक्रांत ती ताटली हातात धरून स्वयंपाकघरात बराच वेळ उभा राहिला. चणे मागितले, चणे मिळाले, आणि चणेच टाकले. इतक्या वर्षांच्या अभ्यासात असा ट्रे त्याने पाहिला नव्हता.

“हे पण नाही का गं?”

“हेच आहेत,” ती म्हणाली. “पण हे तसे नाहीत. चल ना, बेल-बेल खेळू.”

बेल-बेल हा त्यांचा द्वारकेत आल्यापासूनचा खेळ. बाबाने दाराबाहेर जायचं, बेल वाजवायची, आणि क्षिप्राने आत थांबायचं. मग दार उघडायचं. विक्रांत कधी कुरियरवाला व्हायचा, कधी गॅस सिलिंडर आणणारा, कधी घोड्यावरून आलेला राजा. आवाज बदलून तो अगदी जीव तोडून अभिनय करायचा, आणि क्षिप्रा दर वेळी थोडी हिरमुसायची. “तसं नाही बाबा. आंटी हो.” मग तो बायकी आवाज काढून ‘पार्सल है मॅडम’ म्हणायचा, ती मान हलवायची, आणि खेळ तिथेच मोडायचा. पोरीला नाटकाची जाण नाही, एवढाच अर्थ त्याने त्यातून काढला होता.

चण्यांचा उलगडा झाला तो लिफ्टमध्ये. दोन मजले वर भाटिया आंटी राहत. साठीच्या पुढच्या, जाडजूड, गुडघे दुखतात म्हणून लिफ्टमध्येही कठड्याला धरून उभ्या राहणाऱ्या. सोबत नात, मन्नत, क्षिप्राच्याच वयाची. विक्रांतने नेहमीप्रमाणे पुढचा प्रश्न विचारला.

“आंटीजी, एक बात बताइए. काले चने, पूरी और हलवा, ये तीनों एक साथ आप लोग कब बनाते हैं?”

आंटींनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने दिवाळीत दिवे कशाला लावतात असं विचारलं होतं. “कंजक में, और कब. दोनों नवरात्रों की अष्टमी को, चैत में भी. छोटी लड़कियों को घर बुलाते हैं, पैर धोते हैं, चुन्नी ओढ़ाते हैं, खिलाते हैं. आपके उधर नहीं होता?”

“कुमारिका जेवायला असते...” विक्रांत मराठीतच पुटपुटला. पुण्याला नवरात्रात आई गल्लीतली एखादी ओळखीची मुलगी बोलवायची, तिला पुरणपोळी वाढायची, ते त्याला आठवलं. मग तो भानावर आला. “तो बिल्डिंग की सब बच्चियाँ जाती हैं?”

“सब. एक घर से दूसरे घर. उस दिन तो इनके पेट में जगह ही नहीं रहती,” आंटी मन्नतच्या डोक्यावर हात ठेवत म्हणाल्या. “आपकी शिप्रा को हम नहीं बुलाते. वो तो बाहर का कुछ खाती नहीं ना.”

“किसने कहा?”

“आपने, बेटा,” आंटी म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. लिफ्ट थांबली होती. विक्रांत बाहेर पडला तो दुसऱ्याच मजल्यावर.

जिन्याने उतरता उतरता त्याला सगळं आठवलं. द्वारकेत येऊन पुरता महिनाही झाला नव्हता. चैत्रातली सकाळ, तो नाइट शिफ्ट करून आलेला, डोळ्यांवर झापड. बेल वाजली. दारात ही बाई, डोक्यावर पदर, हातात लाल, जरीकाठाच्या ओढण्यांची चळत. ‘बच्ची है ना आपकी? भेज दीजिए, खाना खिलाना है.’ आणि तो अगदी सभ्यपणे, हात जोडून म्हणाला होता, ‘थँक यू जी, पर वो बाहर का कुछ नहीं खाती.’ कोणी मिठाईचा डबा पुढे करावा आणि आपण एक पेढाही न उचलता आभार मानावेत, इतकं ते त्याला साधं वाटलं होतं. बाई ‘कोई बात नहीं’ म्हणून वर गेली होती. दार लावून वळला तर मागे क्षिप्रा उभी. पायात चपला, त्याही उलट्यासुलट्या घातलेल्या. ‘कुठे निघालात बाईसाहेब?’ म्हणून तो हसला होता. उचलून घेऊन त्याने त्या चपला काढून ठेवल्या होत्या.

हे आठवलं तेव्हा विक्रांत जिन्यात खालीच बसला. दोन वर्षांच्या बाळाला काही कळत नाही असं म्हणतात, पण क्षिप्रा तेव्हा चारची होती, आणि चारच्या पोराला दार लावलेलं कळतं. त्याला स्वतःचा राग आला. जगाला पुढचा प्रश्न विचारत सुटणाऱ्या माणसाने त्या दिवशी नेमका तोच विचारला नव्हता. कशासाठी बोलावताय, एवढं विचारायला काय झालं होतं?

रात्रीची भांडी लावताना त्याने मृणालला सांगितलं. ती आधी हसली, मग तिला काहीतरी आठवलं.

“ऑक्टोबरमध्ये,” ती म्हणाली, “मी घरून काम करत होते, आठवतं? सकाळपासून माझे कॉल. ही जिन्यात जाऊन बसली होती. मी म्हटलं, काय करतेयस, तर म्हणाली मुली बघतेय. मला वाटलं, बिल्डिंगमध्ये कुणाचा बर्थडे असेल. सगळ्या नटलेल्या होत्या यार, लाल लाल, हातात खाऊच्या ताटल्या. मी तिला म्हटलं, चल, आत ये, टीव्ही लावून देते.” तिने ओली ताटली तशीच रॅकमध्ये ठेवली. “तिने मला एकदाही म्हटलं नाही की मला जायचंय.”

“तिला बोलावलं नव्हतं ना. न बोलावता कसं जाणार?”

मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते कोपराने पुसलं आणि लगेच एचआरच्या आवाजात विचारलं, “बरं. आता पुढे काय?”

पुढे काय ते विक्रांतने ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो भाटिया आंटींकडे गेला आणि पिकनिकसाठी कंजकचे चणे कराल का, म्हणून विचारलं. आंटींनी त्याला बसवलं, चहा पुढे ठेवला. तो त्याने प्यायला. ही त्याच्या आयुष्यात मोठीच गोष्ट होती, पण आंटींना त्याची काय कल्पना. “चने तो चने हैं, बना दूँगी,” त्या म्हणाल्या. “पर कंजक पार्क में थोड़ी होती है. वो तो अष्टमी को, घर में.” तरी करून देते म्हणाल्या.

पण एकट्या आंटींनी भागणार नव्हतं. ‘ती बाहेरचं खात नाही’ हे वाक्य वर्षभर सोसायटीत फिरत होतं, आणि ते पुसायचं तर सगळ्या घरांतूनच पुसायला हवं होतं. संध्याकाळी विक्रांतने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘शिप्रा का बर्थडे संडे को पार्क में है. केक हमारा. बाकी खाना सबके घर से, जो आप रोज़ बनाते हैं, थोड़ा-थोड़ा. हमारी बेटी सबके घर का खाती है.’

मृणालने ते वाचलं आणि डोक्याला हात लावला. “विक्रांत, हे दिल्ली आहे. इथे लोक चौथीच्या मुलाच्या बर्थडेला चाट काउंटर लावतात. आणि आपण बोलावून सांगतोय की येताना डबा आणा?”

“हो.”

“लोक म्हणतील, टिपणिसांनी पाहुण्यांकडून जेवण काढलं.”

“म्हणू दे. एक वाक्य पुसायला दुसरं वाक्य लागतंच ना.”

ग्रुपवर बराच वेळ शांतता होती. ती मृणालला फार जड गेली. मग तळमजल्यावरच्या तमिळ बाईंचा अंगठा आला. मग कोणीतरी विचारलं, राजमा चालेल का? मग एकदम झुंबड उडाली, आणि कढी कोण आणणार यावरून दोन आयांमध्ये थोडी कुरबुरसुद्धा झाली. त्यावरून आपलं बरं चाललंय हे मृणालने ओळखलं.

रविवारी पार्कमध्ये सतरंज्यांवर जे काही मांडलं गेलं, त्याला मेनू म्हणायला जीभ धजावली नसती. राजमा-चावल होता, मटार भरलेल्या कचोऱ्या होत्या, बंगाली कुटुंबाची वाटाण्यांची घुगनी, लिंबाचा भात, मुगाची धिरडी, मेथीचे पराठे, आणि एका तरुण बापाने स्वतः केलेली, थोडी करपलेली मॅगी. मृणालने साबुदाणा वडे तळून आणले होते. ते बघून तीन आयांनी लागोपाठ चौकशी केली, ‘आज व्रत है क्या?’ दिल्लीत साबुदाणा उपवासाशिवाय कोणी खात नाही, हे मृणालला तेव्हा समजलं. उपवास नाही म्हटल्यावर वडे बघता बघता उडाले. आणि मधोमध, स्टीलच्या डब्यात, भाटिया आंटींचे सुके काळे चणे, पुऱ्या, तुपात न्हालेला हलवा.

विक्रांतच्या शर्टाच्या खिशात थर्मामीटर होता. सवयीने आला होता, त्याला इलाज नव्हता. दहीभल्ले उन्हात ठेवलेले त्याला दिसले. त्याने ते उचलून झाडाखाली सावलीत नेऊन ठेवले, तेवढ्यावर स्वतःला आवरलं आणि हात पाठीमागे बांधून फिरत राहिला. पोरं खात होती, सांडत होती, पळत होती. क्षिप्रा मन्नतच्या शेजारी मांडी घालून बसली होती आणि दोघी एकमेकींच्या ताटलीतलं खात होत्या. विक्रांतला फार बरं वाटलं. कोडं सुटलं, असं त्याने मनातल्या मनात जाहीरही करून टाकलं.

केक कापून झाला, पोरं घसरगुंडीकडे धावली, आणि हा आपल्या धर्माला जागून कागदी ताटल्या गोळा करू लागला. एकेक ताटली बघत, मान डोलवत. कचोऱ्या फत्ते. घुगनी मोठ्यांनीच खाल्ली. क्षिप्राची ताटली त्याला लगेच ओळखू आली, कारण तिला कडा मुडपायची सवय होती. राजमा संपलेला. वडा संपलेला. करपलेली मॅगीसुद्धा संपलेली. आणि कोपऱ्यात चण्यांचा ढीग, दोन-तीनच खाल्लेले.

तो ताटली घेऊन तसाच घसरगुंडीपाशी गेला. क्षिप्रा वर चढायच्या रांगेत होती.

“क्षिप्रा, चणे आवडले नाहीत?”

“आवडले.”

“मग टाकलेस का? तूच मागितले होतेस ना राणी? भाटिया आज्जींनी मुद्दाम केले.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. बाबाला एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही, याचं तिला नवल वाटत असावं. “बाबा, पार्कला दार कुठेय?”

रांग पुढे सरकली आणि ती वर चढली. विक्रांत ताटली धरून उभा राहिला. बेल-बेलचा खेळ, ‘आंटी हो’, जिन्यात बसून मुली बघणं, सगळं त्याच्या डोक्यात एकदमच जागेवर बसलं. चण्यांशी तिचं काही देणंघेणं नव्हतंच. तिला हवं होतं ते कोणीतरी येऊन तिचं नाव घेऊन बोलावणं, आणि बाबाने हो म्हणणं. आणि ते काही डब्यात भरून आणता येण्यासारखं नव्हतं.

चैत्रातली अष्टमी आली. मृणालने आदल्या दिवशीच ‘मी भाटिया आंटींना आठवण करू का?’ म्हणून विचारून पाहिलं होतं, आणि विक्रांतने नको म्हटलं होतं. आपण सांगितल्यावर आलेलं बोलावणं हे बोलावणं नव्हेच, आणि पोरीला यातला फरक समजतो, असं त्याचं म्हणणं. मृणालला ते पटलं, पण झोप काही लागली नाही. तिने सुट्टी घेतली. त्याने शिफ्ट बदलून घेतली. सकाळी उठून बघतात तर क्षिप्रा आधीच उठून, परकर-पोलकं घालून बाहेरच्या खोलीत बसलेली. पायात चपला होत्या. या वेळी सुलट होत्या.

विक्रांतने पेपर उघडला आणि एक अक्षर वाचलं नाही. वरच्या मजल्यावर बेल वाजली. मग शेजारी वाजली. जिन्यात छोट्या पावलांचा दडदडाट, पैंजणांचा आवाज, कोणाची तरी आई ‘धीरे, धीरे’ म्हणत होती. आवाज दारासमोरून गेला आणि वर निघून गेला. क्षिप्राने मान वर केली नाही, फक्त परकराची किनार बोटाला गुंडाळत राहिली. विक्रांतला वाटलं, उठावं आणि जाऊन सांगावं त्या बाईला, की अहो, चुकलं माझं. मृणालने त्याच्याकडे पाहिलं. तो बसून राहिला. पोरीसाठी काहीच न करता बसून राहणं इतकं अवघड असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

बेल वाजली. तिघंही ताडकन उठली. दारात दूधवाला. मृणालने पिशव्या घेतल्या आणि दूधवाल्याचा काही दोष नसताना त्याच्यावर डाफरली.

दार लावायच्या आतच लिफ्ट उघडली. भाटिया आंटी कठड्याचा आधार सोडून, गुडघा सांभाळत बाहेर आल्या. हातात लाल ओढण्या, मागे मन्नत आणि आणखी दोघीतिघी. त्या दारापर्यंत आल्या, तसा विक्रांत एकदम म्हणाला, “आंटीजी, एक मिनट,” आणि त्यांच्या तोंडावर त्याने दार लावून घेतलं.

“वेडा झालास का?” मृणाल जवळजवळ ओरडलीच.

बाहेर क्षणभर काहीच आवाज नाही. मग बेल वाजली. एकदाच, ठसठशीत.

क्षिप्राने दार उघडलं.

भाटिया आंटींनी विक्रांतकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि त्या शहाण्या बाईने काहीही विचारलं नाही. “शिप्रा है घर पे?” त्या म्हणाल्या. “कंजक के लिए बुलाने आई हूँ. भेज दीजिए.”

क्षिप्राने मागे वळून बाबाकडे पाहिलं.

“हाँ जी,” विक्रांत म्हणाला. पोरीला नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाला, “हाँ जी, बिल्कुल.”

ती परतली ती दुपार व्हायला आली तेव्हा. डोक्यावर एकावर एक तीन ओढण्या, मनगटाला लाल धागा, कपाळावर कुंकवाचे ओघळ, एका हातात केसांच्या क्लिपा, पेन्सिलचा डबा आणि कसली तरी शिट्टी. पोट टम्म फुगलेलं. दुसऱ्या हातात कागदी ताटली होती, आणि ती तिने इतकी जपून धरली होती की चालताना तिची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

ताटली तिने विक्रांतच्या मांडीवर ठेवली. वातड झालेल्या दोन पुऱ्या, थिजलेला हलवा, थंडगार चणे. ती किती घरं फिरून आली असेल आणि किती वेळ उघडी राहिली असेल, ते सांगायला थर्मामीटर लागत नव्हता. कामावर असलं काही दिसलं असतं तर विक्रांतने ते उचलून सरळ टोपलीत टाकलं असतं आणि वर लेखी खुलासा मागितला असता.

“हे तुला,” क्षिप्रा म्हणाली.

“मला? का गं?”

“तुला कोणीच बोलवत नाही ना,” ती म्हणाली, आणि तो खातोय की नाही हे बघत समोर बसून राहिली.

विक्रांत खाऊ लागला. मृणाल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने गरम करून देऊ का असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुऱ्या चावायला वेळ लागला. चणे त्याने एकेक करून वेचले. शेवटी ताटली रिकामी झाली, तेव्हा क्षिप्राने ती त्याच्या हातातून घेतली, तिरपी करून उजेडात नीट पाहिली, आणि मान डोलावली.